पाटण व कोयना खोरे : शेतीकडून उद्योगाकडे

महाराष्ट्राची अर्थव्यवस्था गेल्या सुमारे दीडशे वर्षांत शेतीकडून उद्योगाकडे व पुढे सेवाव्यवसायांकडे वळली. या स्थित्यंतराचा इतिहास सामान्यतः मुंबई, पुणे यांसारख्या नगरांच्या अनुषंगाने सांगितला जातो. तथापि नगरांतील उद्योगांना लागणारे मनुष्यबळ व वीज ज्या ग्रामीण प्रदेशांनी पुरविली, त्यांच्या बाजूने पाहिले असता त्याचे स्वरूप बरेच वेगळे दिसते. सातारा जिल्ह्यातील पाटण तालुका हे याचे ठळक उदाहरण होय. या तालुक्यात मोठे कारखाने फारसे उभे राहिले नाहीत. परंतु येथील माणसे मुंबईच्या गिरण्यांत व गोदामांत गेली आणि येथील पाणी सह्याद्री ओलांडून वीजनिर्मितीसाठी वळविले गेले. त्यामुळे उद्योगयुगाचा येथील जीवनावर झालेला परिणाम कारखानदारीच्या प्रदेशांपेक्षा कमी खोल नाही.

भौगोलिक पार्श्वभूमी : महाबळेश्वर येथे उगम पावणारी कोयना नदी सह्याद्रीच्या मुख्य रांगेला समांतर अशी दक्षिणेकडे वाहत येते व हेळवाकजवळ एकदम पूर्वेकडे वळते. पाटण हे तालुक्याचे ठाणे तिच्या व केरा नदीच्या संगमावर वसले असून पुढे कराड येथे ती कृष्णेस मिळते. तालुक्याच्या पश्चिम सीमेवर वर्षाला साडेचार ते पाच हजार मिमी. पाऊस पडतो, पूर्वेकडे मल्हारपेठ-तारळे भागाकडे तो झपाट्याने कमी होत जातो. पश्चिमेकडील जमीन उताराची, तांबडी व पातळ थराची, तर पूर्वेकडील नदीकाठची जमीन काळी व कसदार आहे. तालुक्याच्या दोन भागांच्या आर्थिक वाटा पुढे वेगळ्या झाल्या, त्याचे मूळ या भेदात आहे.

जुनी अर्थव्यवस्था : सातारचे राज्य १८४८ मध्ये खालसा होऊन हा प्रदेश ब्रिटिश अंमलाखाली आला, त्या वेळी येथील जीवन सर्वस्वी शेतीवर अवलंबून होते. खोऱ्याच्या तळाशी भात व डोंगरउतारावर नाचणी, वरी ही पिके होत. पूर्व भागात ज्वारी, भुईमूग व कडधान्ये पिकत. उतारावरील झुडपे तोडून व जाळून त्या राखेत धान्य पेरण्याची कुमरी पद्धत डोंगरी भागात रूढ होती. अशी जमीन दोन-तीन वर्षांनी पडीक ठेवावी लागे. म्हणून या पद्धतीस विस्तीर्ण रान मोकळे असणे आवश्यक असे. सुतार, लोहार, कुंभार, चांभार इ. बलुतेदार गावाची गरज भागवीत व त्याचा मोबदला धान्यरूपाने घेत. कुंभार्ली घाटातून बैलांच्या तांड्यांनी देशावरील धान्य, गूळ चिपळूणकडे जाई आणि तिकडून मीठ, नारळ, सुकी मासळी वर येई.

या व्यवस्थेला धक्का बसला तो दोन कारणांनी. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वनविषयक कायद्यांनी, विशेषतः १८७८ च्या अधिनियमाने, रानांचा मोठा भाग राखीव ठरला व कुमरी शेतीवर बंधने आली. दुसरीकडे सारा रोख रकमेत भरावा लागत असल्याने रोकड मिळविण्याचे साधन शोधणे भाग पडले. वारसांत वाटून लहान होत गेलेल्या डोंगरी जमिनीतून ही रोकड निघणे शक्य नव्हते.

मुंबईकडे स्थलांतर : कावसजी दावर यांनी मुंबईत स्थापिलेली कापडगिरणी १८५६ मध्ये सुरू झाली आणि पुढील अर्धशतकात गिरण्यांची संख्या झपाट्याने वाढली. या गिरण्यांना कामगार पुरविणाऱ्या जिल्ह्यांत रत्नागिरीबरोबरच साताराही प्रमुख होता. भरती बहुधा जॉबरमार्फत होई व जॉबर आपल्या गावचे, भावकीचे लोक आणी. त्यामुळे एकेका गावाची माणसे एकाच खात्यात व एकाच चाळीत एकवटली. गावच्या लोकांनी मिळून घेतलेली खोली, खाणावळीतील जेवण, गावजत्रेसाठी जमविलेली वर्गणी ही या जीवनाची अंगे होती.

हे स्थलांतर शेती सोडून देण्यासाठी नव्हते, तर ती टिकवून ठेवण्यासाठी होते. पुरुष गिरणीत व स्त्रिया, वृद्ध आणि मुले गावी, अशी विभागणी झाली. नांगरट-पेरणीसाठी पुरुष रजा घेऊन येत; इतर वेळी लावणी, खुरपणी, कापणी व गुरे यांचा सर्व भार स्त्रियांवर पडे. पाटणसारख्या डोंगरी तालुक्यांत जनगणनांमध्ये स्त्रियांची संख्या पुरुषांहून अधिक भरत आली, ती यामुळेच. मनिऑर्डरने येणाऱ्या पैशातून सारा, सावकाराचे देणे व लग्नकार्ये भागत. १८९६ च्या प्लेगमध्ये कामगारांनी मोठ्या संख्येने गावाचा आश्रय घेतला, तसाच तो पुढे संपांच्या काळातही घेतला. आजारपण, बेकारी व म्हातारपण यांचा भार गिरणीमालकांऐवजी गावाकडील शेतीने उचलला. मुंबईतील मजुरी कमी राहण्यामागे हेही एक कारण होते.

गिरणीत काम न मिळालेले अनेकजण गोद्यांत व घाऊक बाजारांत ओझी वाहू लागले. या माथाडी कामगारांना निश्चित मालक नव्हता आणि म्हणून कोणतेही कायदेशीर संरक्षण नव्हते. पाटण तालुक्यातील मंद्रुळकोळे येथील अण्णासाहेब पाटील यांनी त्यांची संघटना बांधली. त्या चळवळीतून १९६९ चा माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांसंबंधीचा अधिनियम संमत झाला. नोंदणी, मंडळामार्फत वेतन, भविष्यनिर्वाह निधी आदी तरतुदींमुळे असंघटित कामगारांसाठी केलेल्या भारतातील आरंभीच्या प्रभावी कायद्यांत त्याची गणना होते.

दक्षिण सातारा परिसरातील आरंभीचे उद्योग : याच काळात कारखानदारी खेड्यात आणण्याचे काही प्रयत्न झाले. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १९१० मध्ये औंध संस्थानच्या हद्दीत, कुंडलजवळच्या माळावर, संस्थानाधिपतींच्या साहाय्याने आपला कारखाना बेळगावहून हलविला. हीच किर्लोस्करवाडी होय. तेथील लोखंडी नांगर, चरक व पुढे पंप ही उत्पादने शेतीसाठीच होती. कराडजवळील ओगलेवाडीचा काच कारखाना ‘प्रभाकर’ कंदिलामुळे सर्वत्र परिचित झाला. मात्र हे दोन्ही कारखाने लोहमार्गाच्या आश्रयाने वाढले. सह्याद्रीच्या कुशीतील पाटणला लोहमार्ग नव्हता आणि त्यामुळे तेथे असा उद्योग रुजला नाही. सातारा जिल्ह्याचे १९४९ मध्ये विभाजन होऊन किर्लोस्करवाडीचा भाग दक्षिण सातारा जिल्ह्यात गेला. १९६० मध्ये त्यास सांगली हे नाव मिळाले.

कोयना प्रकल्प : मुंबईच्या उद्योगांना दगडी कोळसा दूरच्या बंगाल-बिहारमधून आणावा लागे. टाटांनी खोपोली येथे १९१५ मध्ये जलविद्युत् केंद्र सुरू करून यावर पहिला उपाय केला. पहिल्या महायुद्धानंतर त्यांनी कोयनेचीही पाहणी केली होती. परंतु आर्थिक अडचणींमुळे ती योजना मागे पडली. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्य शासनाने ती हाती घेतली व १९५४ मध्ये काम सुरू झाले. योजनेची मूळ कल्पना अशी की, पूर्वेकडे वाहणाऱ्या कोयनेचे पाणी हेळवाकजवळ अडवावे, बोगद्याने सह्याद्रीपार न्यावे आणि कोकणात साडेचारशे मीटरांहून अधिक उंचीवरून सोडून त्यावर वीज निर्माण करावी. सुमारे १०३ मी. उंचीचे व ८०० मी.हून अधिक लांबीचे धरण आणि पोफळी येथील भूमिगत वीजगृह अशी तिची रचना झाली. पहिल्या टप्प्यातील वीज १९६२ मध्ये मिळू लागली. पुढील टप्पे पूर्ण होऊन १९९९-२००० मध्ये चौथा, १,००० मेगॅवॉटचा टप्पा कार्यान्वित झाला व प्रकल्पाची एकूण क्षमता १,९६० मेगॅवॉट झाली.

महाराष्ट्र राज्य १ मे १९६० रोजी स्थापन झाले, तेव्हा औद्योगिक विकास मुंबईबाहेर पसरविणे हे शासनाचे एक प्रमुख धोरण होते. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. ठाणे-बेलापूर, पिंपरी-चिंचवड इ. ठिकाणी जी कारखानदारी वाढली, तिला कोयनेच्या विजेचा मोठा आधार लाभला. वीज वाहून नेणे सोपे असल्याने ती जेथे निर्माण होते तेथेच कारखाना निघावा, अशी निकड राहत नाही. बाजारपेठ, बंदर, भांडवल व कुशल कामगार जेथे होते तेथेच उद्योग गेले. वीज निर्माण केल्यावर वाशिष्ठी नदीत सोडलेल्या पाण्याचा उपयोगही चिपळूण परिसरातील औद्योगिक वसाहतींना झाला.

विस्थापन व भूकंप : शिवाजीसागर जलाशयामुळे पाटण, जावळी व महाबळेश्वर भागांतील सुमारे शंभर गावांना झळ पोहोचली. खोऱ्यातील भाताची उत्तम जमीन पाण्याखाली गेली. त्या वेळी पुनर्वसनाचा स्वतंत्र कायदा नव्हता. तो राज्यात १९७६ मध्ये झाला. काही कुटुंबे सांगली, सोलापूर, रत्नागिरी, रायगड, ठाणे इ. जिल्ह्यांत गेली, तर काही जलाशयाच्या वरच्या बाजूस डोंगरावर राहिली. डोंगरावरील या वस्त्यांच्या आसपासचे रान १९८५ मध्ये अभयारण्य झाले व २०१० मध्ये ते सह्याद्री व्याघ्रप्रकल्पात समाविष्ट झाले. त्यामुळे त्यांच्या उपजीविकेचा प्रश्न अधिक बिकट झाला. धरणग्रस्तांच्या मागण्या दोन पिढ्यांनंतरही संपल्या नाहीत. २०१८ मध्ये कोयनानगर येथे त्यांना पुन्हा प्रदीर्घ ठिय्या आंदोलन करावे लागले.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगर परिसरात ६.५ च्या आसपास प्रतीचा भूकंप होऊन पावणेदोनशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली आणि हजारो घरे कोसळली. मुंबईचा वीजपुरवठा खंडित झाल्याने तेथील कारखान्यांवरही परिणाम झाला. दूरच्या खोऱ्यावर महानगराचे उद्योग किती अवलंबून आहेत, हे त्या दिवशी प्रथमच लक्षात आले. जलाशयामुळे उद्भवणाऱ्या भूकंपांचे हे जगातील सर्वाधिक अभ्यासलेले क्षेत्र ठरले आहे. धरणास तडे गेले होते. त्याची दुरुस्ती व मजबुतीकरण करण्यात आले.

सहकार व शेतीतील बदल : प्रवरानगर येथे १९५० मध्ये पहिला यशस्वी सहकारी साखर कारखाना सुरू झाल्यावर कृष्णाकाठीही असे कारखाने निघाले. कराड तालुक्यातील रेठरे येथील कृष्णा कारखाना त्यांपैकी आरंभीचा होय. पाटण तालुक्यात मरळी येथे निघालेला कारखाना राज्याचे माजी गृहमंत्री बाळासाहेब देसाई यांच्या नावाने ओळखला जातो. विजेच्या पंपांनी नदीचे पाणी उपसून काठच्या जमिनीत ऊस उभा राहिला. शेती न सोडता शेतकरी कारखान्याचा भागधारक झाला, हे या पद्धतीचे वैशिष्ट्य होय. परंतु तिचा लाभ बहुतांशी पूर्वेकडील सपाट व बागायती गावांना मिळाला; उताराच्या जमिनीवर नाचणी पिकविणाऱ्यास तो मिळाला नाही. कृष्णा लवादाच्या निवाड्याने कोयनेतून पश्चिमेकडे वळवावयाच्या पाण्यावर वर्षाला ६७.५ अब्ज घनफुटांची मर्यादा घातली. वीज व शेती यांच्यातील पाण्याची स्पर्धा त्यामुळे कायद्याच्या चौकटीत आली, पण मिटली नाही.

गिरण्यांचा अस्त व नंतरचा काळ : मुंबईतील सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झाला. त्यानंतर अनेक गिरण्या पुन्हा पूर्ण क्षमतेने चालल्या नाहीत. पाटणकडे परतलेल्या कामगारांना शेतीने पुन्हा एकदा आसरा दिला. परंतु मधल्या काळात वाटण्या होऊन ती अधिकच तुटपुंजी झाली होती. पुढील पिढी नवी मुंबईच्या बाजार आवारात, वाहतुकीत, सुरक्षारक्षकाच्या कामात व पुण्याजवळच्या कारखान्यांत गेली. १९९० नंतरच्या दशकाच्या अखेरीपासून वनकुसवडे पठारावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या. पाण्याप्रमाणे येथील वाराही वीजनिर्मितीच्या उपयोगी पडला. मात्र उभारणीचे काम संपल्यावर त्यातून स्थानिकांना मिळणारा रोजगार मर्यादितच राहिला.

समालोचन : १९६१ च्या जनगणनेत महाराष्ट्रातील जवळजवळ ७० टक्के कामकरी शेतकरी वा शेतमजूर होते, २०११ मध्येही हे प्रमाण ५० टक्क्यांहून अधिक होते. याउलट राज्याच्या उत्पन्नातील शेतीचा वाटा मात्र फारच घटला आहे. म्हणजे उत्पन्न शेतीकडून ज्या वेगाने दूर गेले, त्या वेगाने माणसे गेली नाहीत. या दोन प्रमाणांतील तफावत म्हणजेच पाटणसारख्या तालुक्यांतील घराघरांचा अनुभव होय. एकाच कुटुंबात शेती व नोकरी या दोहोंचा आधार घ्यावा लागतो. यांपैकी कोणत्याही एकीवर कुटुंब चालत नाही. उद्योगीकरण म्हणजे शेतकऱ्याचा कामगार होणे, हे सामान्य सूत्र येथे अपुरे पडते. येथील शेतकरी कामगार झाला, पण शेतकरीही राहिला. आणि त्याच्या शेतीने व त्याच्या घरातील स्त्रियांच्या श्रमाने नगरातील उद्योगाचा खर्च काही अंशी सोसला. राज्याच्या औद्योगिक प्रगतीचा हिशेब मांडताना या वाट्याची, तसेच पाण्याखाली गेलेल्या गावांच्या वाट्याची, नोंद होणे आवश्यक आहे.