वाकळेतला धागा बदलला

इतिहास म्हटलं की आपल्याला गडकिल्ले आठवतात. आज आम्ही अंगावरच्या कापडाचा इतिहास सांगणार आहोत.

माण, आटपाडी, जत या भागात धनगरांच्या मेंढ्यांची लोकर निघायची, बाया ती कातायच्या आणि सणगर घोंगडी विणायचे. तिला चिंचोक्याची खळ लावायचे. नेसायला सुती लुगडं. ते विरलं की वाकळेत जायचं, वाकळ फाटली की तिचं पोतेरं व्हायचं आणि शेवटी मातीत कुजून माती व्हायचं.

1941 साली इंग्लंडमध्ये खनिज तेलातल्या रसायनांपासून पॉलिएस्टरचा धागा निघाला. 1982 साली आपल्या रायगड जिल्ह्यात पाताळगंगेला या धाग्याचा मोठा कारखाना सुरू झाला. हलक्या, स्वस्त साड्या गावोगावच्या बाजारात आल्या. भिजलेलं नऊवारी पिळताना मनगटं भरून यायची. ही साडी झटकली की वाळते. राबणाऱ्या बाईला हा आराम मोठा होता. आपण ती साडी घेतली, यात काही वावगं नव्हतं.

पुढे धागा आणखी बारीक झाला. मायक्रोफायबरचा 9000 मीटर तंतू वजनाला 1 ग्रॅमही भरत नाही. त्याची फडकी, टॉवेल धूळ आणि पाणी चटकन धरतात.

पण हा तंतू प्लास्टिकचा आहे. धुताना तो तुटतो. 2016 साली इंग्लंडच्या प्लिमथ विद्यापीठाने दाखवलं, की मशीनमध्ये 6 किलो पॉलिएस्टरचे कपडे एकदा धुतले तरी जवळपास 5 लाख तंतू सुटू शकतात. ते सहज दिसत नाहीत, कुजत नाहीत, माशांच्या पोटातही सापडतात. आपली कृष्णा महाबळेश्वरला उगम पावते आणि वाई, कऱ्हाड करत सांगलीला येते. वरच्या गावाचं धुणं खालच्या गावाच्या पाण्यात उतरतं.

मग काय करायचं? कपडा मळला तरच धुवायचा, गार पाण्यात, ब्रशने फार न घासता. मशीनच्या जाळीतला पिंजका मोरीत सोडायचा नाही, कचऱ्यात टाकायचा. पुसायला जुनं सुती कापड वापरायचं. फाटकी पॉलिएस्टर साडी बांधावर जाळायची नाही. आणि ती नेसून चुलीपुढे बसायचं नाही. पेटली तर वितळून कातडीला चिकटते.

गटाच्या पुढच्या बैठकीला घरातल्या टॉवेल-ब्लँकेटवरची चिठ्ठी वाचून या. सुती किती आणि पॉलिएस्टर किती, ते मिळून मोजू या.