टॅग आला, पण कळला कधी?

आज आपण एका छोट्या प्रश्नाचा इतिहास बघू. एक्सएमएलचा मजकूर तुकड्यातुकड्यानं येत असेल, तर टॅग आल्याचं प्रोग्रामला कधी कळतं?

फेब्रुवारी १९९८ मध्ये एक्सएमएल प्रमाणित झालं आणि मे महिन्यात डेव्हिड मेगिन्सन यांच्या पुढाकारानं सॅक्स ही पद्धत आली. सगळा दस्तऐवज मेमरीत न साठवता वाचत जायचं आणि टॅग सुरू झाला, संपला, की हाक मारायची. या हाकांचा क्रम मजकुरातल्यासारखाच राहील, हे सॅक्सनं सांगितलं. हाक नेमकी केव्हा येईल, हे मात्र नाही. आमच्या मते पुढच्या गोंधळाचं मूळ इथेच आहे.

त्याच सुमारास जेम्स क्लार्क यांनी एक्सपॅट हा पार्सर लिहिला. अर्धवट टॅग मिळाला की तो थांबे, आणि पुढचा तुकडा आला की तो टॅग पहिल्यापासून वाचे. लहान टॅगला यात काही बिघडत नाही. पण एक लाख बाइटांचा एकच टॅग शंभर-शंभर बाइटांनी आला तर? हजार वेळा सुरुवातीपासून वाचन, म्हणजे एकूण सुमारे पाच कोटी बाइट! कुणी मुद्दाम असा मजकूर पाठवला तर सर्व्हर दमवता येतो.

फेब्रुवारी २०२४ मध्ये एक्सपॅट २.६.० मध्ये यावर उपाय आला: वाचन अडलं, तर साठलेला मजकूर साधारण दुप्पट होईपर्यंत पुन्हा प्रयत्न करायचा नाही. हिशेब सुटला, पण हाक लांबली. आधी ‘<doc’ हे चार बाइट द्या, मग ‘>’ हा एक. टॅग पूर्ण झाला. पण चाराचे पाचच झाले, आठ नाहीत, म्हणून पार्सर गप्प!

फाइल वाचताना हे खपून जातं, कारण शेवटी ‘मजकूर संपला’ असं सांगता येतं. पण जॅबरसारख्या संदेशपद्धतीत अख्खं संभाषण हाच एक उघडा दस्तऐवज असतो. तिथे शेवटचा ‘>’ अडकला तर इकडचा संदेशाची वाट बघतो, तिकडचा उत्तराची.

म्हणून एक्सपॅटनं ही दिरंगाई बंद करण्याची सोय ठेवली, आणि पायथॉननं आपल्या पार्सरांना ‘फ्लश’ दिलं: आहे तेवढं आत्ताच वाच. ते प्रत्येक तुकड्यानंतर वापरलं, तर ते पाच कोटी बाइट पुन्हा दारात उभे राहतात.