मार्था : घरची धनीण

मार्था म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे चुलीपाशी राबणारी, कपाळाला आठ्या घातलेली स्त्री उभी राहते. बाप्तिस्म्यासाठी हे नाव कोणी सुचवले, तर 'मुलीला जन्मभर कामालाच जुंपायचे का?' असा थट्टेचा सूर निघण्याचा संभव असतो. नावाचा मूळ अर्थ पाहिला म्हणजे ही थट्टा किती अस्थानी आहे ते उमजते.

मार्था हे नाव मुळात हिब्रू नव्हे. ते अरामी, म्हणजे प्रभू येशूच्या बोलीभाषेतले. जुन्या करारात ते कोठेही येत नाही. अरामीत 'मार' म्हणजे धनी, स्वामी. त्याचे स्त्रीलिंगी रूप मार्था. मराठीत त्याला 'घरधनीण' याहून नेमका शब्द सापडणार नाही. केरळातील सुरियानी परंपरेचे ख्रिस्ती आपल्या बिशपांच्या नावाआधी आदराने 'मार' लावतात, तो हाच शब्द. संत पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या अखेरीस 'मारानाथा' ही प्रभूच्या आगमनाची हाक आहे, तिच्यातही तोच.

त्या काळी हे नाव मानाचे होते. रोमन सेनापती मारियुस मार्था नावाच्या एका सिरियन भविष्यवादिनीला पालखीतून आपल्याबरोबर नेत असे, असे प्लुटार्क सांगतो. यहुद्यांच्या मिश्नेत बोएथसची कन्या मार्था या विधवेचा उल्लेख आहे. तिच्याशी वाङ्निश्चय झालेला यहोशवा बेन गमला पुढे महायाजक झाला.

हे ध्यानी घेऊन लूककृत शुभवर्तमानाचा १० वा अध्याय पुन्हा वाचावा. येशूचे स्वागत मार्था करते. भाऊ लाझरस त्या प्रसंगात दिसतही नाही. दारात उभी आहे ती मोलकरीण नव्हे, मालकीण. प्रभूने तिच्या धावपळीला आवर घातला हे खरे. परंतु पुष्कळ प्रवचने तेथेच थांबतात, हे मला खटकते. योहानाच्या ११ व्या अध्यायात लाझरसाला कबरेत ठेवून चार दिवस झालेले असताना, मरिया घरी बसलेली असता, हीच मार्था वाटेवर जाऊन प्रभूला गाठते. येशू हा ख्रिस्त, देवाचा पुत्र, ही जी कबुली मत्तयाने पेत्राच्या मुखी दिली, तीच योहान मार्थेच्या मुखी देतो. ग्रीक मजकुरात ती त्याला 'प्रभो' म्हणते. त्यांच्या बोलीत तो शब्द 'मारी' असाच असावा. घरची धनीण दाराबाहेर येऊन दुसऱ्याला आपला धनी म्हणते आहे.

२९ जुलै हा तिचा स्मरणदिन. पोप फ्रान्सिस यांच्या कारकिर्दीत, २०२१ साली, त्या दिवसाला मरिया व लाझरस यांचीही नावे जोडण्यात आली. तिघांत पहिले नाव मार्थेचेच आहे.