बायोडाटातून गळत गेलेलं

नांदगावहून नाशिकला सातपूर-अंबडच्या एमआयडीसीत कामाला लागलेल्या तिशीतल्या कुणाचाही जुना बायोडाटा उघडून पाहा. वर संपूर्ण नाव, खाली वडिलांचं नाव, जन्मतारीख, धर्म, जात, वैवाहिक स्थिती, मु. पो., ता. नांदगाव, जि. नाशिक. मग दहावी-बारावीचे टक्के, एमएस-सीआयटी, टायपिंग. छंदांत क्रिकेट आणि वाचन. शेवटी ‘वरील सर्व माहिती खरी आहे’, ठिकाण, दिनांक, सही. आठ-दहा वर्षं ज्या मशीनवर काढली, तिच्या वाट्याला मात्र एकच ओळ आलेली असते.

आता नोकरी बदलायची म्हटली की समोरून निरोप येतो, ‘सीव्ही अपडेट करून पाठवा, एका पानात.’ माणूस बसतो आणि त्याला काही काढवत नाही. यात आळसाचा भाग फार थोडा. त्या पानावरची एकेक ओळ वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या दरवाजाशी उभं राहताना लागलेली आहे. ती कुठून आली हे कळलं, तर कुठली पुसायची हेही कळतं.

सर्वांत जुनी ओळ वडिलांच्या नावाची. मराठी मुलखात नोकरीचा दाखला एकट्या माणसाचा नसे, घराण्याचा असे. वतनाचा तंटा उभा राहिला की दावेदार करीना लिहून देई. आपलं घराणं कुठलं, कुणी कुणाची चाकरी केली, कोण कुठल्या लढाईत पडलं, हे सगळं त्यात क्रमाने येई. कारीच्या जेधे देशमुखांचा करीना त्यांतला सर्वांत प्रसिद्ध. अफजलखान चालून आला तेव्हा कान्होजी जेधे मुलांना घेऊन शिवाजी महाराजांपुढे गेले आणि त्यांनी वतनावर पाणी सोडलं, ही हकीकत त्यात आहे. इतिहासाचं साधन म्हणून आपण तो वाचतो. लिहिणाऱ्याच्या दृष्टीने तो सेवेचा हिशेब होता. वाडवडिलांनी हे केलं, म्हणून हक्क आमचा. अशा कागदाला आखूड करणं म्हणजे पूर्वजाला गाळणं, त्यामुळे तो लांबच असायचा.

ज्याला घराणं नाही त्याने उमेदवारी करावी. कचेरीत बिनपगारी बसायचं, नकला करायच्या, अक्षर वळवायचं आणि जागा रिकामी होण्याची वाट पाहायची. इथे कागदाचं फारसं काम नव्हतं, कारण पारख करणारा रोज समोर होता. लागलंच तर कुणा वजनदार माणसाची चिठ्ठी.

१८५७ साली मुंबई विद्यापीठ निघालं, १८५९ मध्ये पहिली मॅट्रिक झाली आणि १८६२ मध्ये रानडे-भांडारकरांची बी.ए.ची तुकडी बाहेर पडली. घराणं आणि चिठ्ठी यांच्या जोडीला परीक्षा आली. ज्याने तुला कधी पाहिलं नाही त्याने तुझी वही तपासली आणि पास म्हटलं, या गोष्टीतलं बळ आज आपल्याला जाणवत नाही. खेड्यातून आलेल्या, मागे कुणी नसलेल्या मुलाच्या हातात पहिल्यांदाच स्वतःच्या नावाचा कागद आला. दहावीचे टक्के काढून टाकायला लोकांचा हात धजत नाही, त्याचं मूळ मला इथे दिसतं.

त्याच सुमारास, १८६०च्या दशकाच्या सुरुवातीला, जीआयपी रेल्वे नांदगावात पोचली. औरंगाबाद-वेरूळला जाणारे साहेबलोक तेव्हा इथे उतरून टांग्याने पुढे जात. १९००च्या सुमारास मनमाडहून औरंगाबादकडे फाटा निघाला आणि नांदगावचं ते महत्त्व संपलं. रेल्वेची नोकरी मात्र राहिली. मनमाडला १९०६ पासून रेल्वेचा कारखाना आहे, आणि मनमाड आजही नांदगाव तालुक्यातच येतं. सर्व्हिस रेकॉर्ड, बढतीची नोंद, निवृत्तीची तारीख हे शब्द या तालुक्यातल्या घरांत रेल्वेने आणले.

आणि गुणवत्तेचा कागद हातात असूनही दार उघडत नाही, हे जाहीरपणे सांगितलं गेलं तेही याच मनमाडात. १२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ रोजी इथे जीआयपी रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांची परिषद भरली, अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू, हे त्यांचं विधान सर्वांना माहीत असतं. त्याच भाषणातला नोकऱ्यांचा तपशील कमी जणांना ठाऊक असतो. अस्पृश्य माणूस रेल्वेत गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच संपतो. पोर्टरची साधी जागाही त्याला मिळत नाही, कारण स्टेशनमास्तर पोर्टरकडून घरची कामं करून घेतो आणि अस्पृश्याला घरात घेत नाही. कारकुनाच्या जागी मॅट्रिक न झालेले इतर लोक चालतात, पण मॅट्रिक झालेल्या अस्पृश्यांचे अर्ज बाजूला पडतात. ज्यांचे अर्ज बाजूला पडले त्यांच्याकडे पात्रतेची ओळ होती. वाचणाऱ्याची नजर तिच्यापर्यंत पोचतच नव्हती, ती वरच्या नावाशीच थांबत होती.

हे १९३८ साली संपलं असं म्हणवत नाही. प्रा. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी २००५-०६ मध्ये वर्तमानपत्रांतल्या पाचशेच्या वर जाहिरातींना अर्ज धाडले. शिक्षण आणि अनुभव सारखेच, फरक फक्त आडनावांचा. खासगी कंपन्यांकडून दलित आणि मुस्लिम नावांना बोलावणं येण्याची शक्यता सवर्ण नावांपेक्षा स्पष्टपणे कमी निघाली. आडनाव काही गाळता येत नाही. पण खासगी नोकरीच्या कागदावर धर्म आणि जात हे रकाने आपल्या हाताने भरायचं काहीही कारण नाही. सरकारी अर्जात आरक्षणासाठी ते लागतात, तिथे ते हक्काचे आहेत. फॅक्टरीच्या बायोडाटात ते केवळ सवयीने उतरले.

ती सवय सरकारी नमुन्याची. दुसऱ्या महायुद्धातून परतणाऱ्या सैनिकांसाठी १९४५ मध्ये एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजं निघाली. रिकाम्या जागा त्यांना कळवणं बंधनकारक करणारा १९५९चा कायदा १ मे १९६० रोजी, महाराष्ट्र जन्मला त्याच दिवशी, अमलात आला. मग पुढे पिढ्यान्पिढ्या नांदगावचा पोरगा शंभरेक किलोमीटरवरच्या नाशिकला जाऊन नाव नोंदवी, कार्ड जपून ठेवी, ठरल्या मुदतीत नूतनीकरण करी आणि ‘कॉल’ची वाट बघे. उमेदवारीतली जुनी प्रतीक्षाच ही, फक्त कचेरीतून घरी आलेली. केवळ एक्स्चेंजने पाठवलेल्या नावांवर न थांबता जाहिरातीनेही अर्ज मागवावेत, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये म्हटलं, तोवर त्या कार्डाचा दरारा होता.

बाकीच्या ओळी भराभर आल्या. टायपिंग इन्स्टिट्यूटने ‘मराठी ३०, इंग्रजी ४०’ दिलं. २००१ पासून एमएस-सीआयटी आलं. झेरॉक्सच्या दुकानाने सत्यप्रतींची चळत दिली आणि त्यांवर शिक्क्यासाठी राजपत्रित अधिकाऱ्याच्या दारात तिष्ठणं दिलं. स्वयंसाक्षांकन चालू लागलं तेव्हा तो जाच सुटला. खरेपणाची हमी आणि सही हे त्याच काळाचं शेपूट, खासगी नोकरीत ते आता सहसा कुणी मागत नाही.

कागद आखूड करण्याची कलाही काही आजची नाही. १४८२च्या आसपास लिओनार्दो दा विंचीने मिलानच्या लुदोविको स्फोर्झाला पत्र लिहिलं. त्यात हलवता येणारे पूल, तोफा, वेढ्याची यंत्रं, असं काय काय करता येतं ते मुद्द्यामागून मुद्दा सांगितलं. चित्रकला अगदी शेवटी. स्फोर्झाला लढायांची चिंता होती हे ओळखून त्याने आपला क्रम लावला. वडील कोण, शिकला कुठे, यातलं काही सांगत बसला नाही.

आज पहिला वाचणारा पुष्कळदा माणूस नसतोच. मोठ्या कंपन्यांत अर्ज आधी सॉफ्टवेअर चाळतं आणि जाहिरातीतले शब्द त्यात शोधतं. त्याला चौकटी, दोन रकान्यांची सजावट, फोटो यांचा अडथळा होतो. म्हणून साधी मांडणी, आणि कामाचं नाव जाहिरातीत असेल तसंच. सीएनसी ऑपरेटरने ‘मशीन चालवली’ म्हणून भागत नाही. कुठला कंट्रोलर, कुठला जॉब, किती टॉलरन्स, सेटिंग स्वतः करतो की दुसरा करून देतो, रिजेक्शन आधी किती होतं आणि नंतर किती झालं, हे लिहायला हवं. धर्म, जात, वैवाहिक स्थिती, वडिलांचं नाव, छंद, हमीची ओळ एवढं काढलं तरी अर्धं पान मोकळं होतं, आणि या सगळ्याला तेवढी जागा पुरते. आयटीआय किंवा पदवी एका ओळीत ठेवावी. दहा वर्षांच्या अनुभवानंतर दहावीचे टक्के गेले तरी चालतात.

काढलेलं फेकू मात्र नये. घरी एक लांब फाइल असावी. कुठल्या महिन्यात कुठे लागलो, कुणाच्या हाताखाली, कुठलं मशीन, पगार किती, पीएफचा नंबर काय, सोडलं का, हे सगळं तिच्यात. रेल्वेवाल्यांची ही नोंद साहेबाच्या कपाटात असे; कंत्राटावर कंपन्या बदलणाऱ्याची कुणीच ठेवत नाही, त्याने ती स्वतःच ठेवायची. जाहिरात आली की त्या फाइलीतून तिच्यापुरतं एक पान कापायचं, आणि पुढच्या जाहिरातीला पुन्हा वेगळं.