सात हजारांची मनसब आणि पटावरचा आकडा

बुलढाणा जिल्ह्याच्या सिंदखेडराजा तालुक्यात साखरखेर्डा हे गाव आहे. इतिहासाच्या जुन्या ग्रंथांत ते 'शकरखेडा' या नावाने भेटते. ११ ऑक्टोबर १७२४ रोजी या गावाजवळ निजाम-उल्-मुल्क आणि मुबारिझखान यांच्यात लढाई झाली. मुबारिझखान हैदराबादचा सुभेदार होता. दख्खनचा कारभार निजामाच्या हातून काढून त्याच्याकडे सोपवावा, असे दिल्ली दरबाराने आतल्या आत ठरवले होते. लढाईत मुबारिझखान मारला गेला, निजामाने गावाला विजयसूचक 'फत्तेखेर्डा' हे नाव दिले, आणि १९४८ पर्यंत टिकलेल्या आसफजाही सत्तेचा पाया या मैदानावर घातला गेला. बाजीराव पेशव्यांनी या प्रसंगी निजामाला साहाय्य केले होते. त्याबद्दल निजामाने त्यांना वस्त्रे, हत्ती, जडजवाहीर आणि सात हजारांची मनसब देऊन गौरवले, असे इतिहासकार नोंदवतात.

आमचे लक्ष या शेवटच्या गोष्टीवर, म्हणजे सात हजार या आकड्यावर खिळून राहते. माणसाचे बळ आकड्यात सांगता येते काय? येत असेल तर तो आकडा कोणी ठरवायचा आणि कशावरून? आजच्या वाचकाला हा प्रश्न बुद्धिबळाच्या मानांकनामुळे ठाऊक असतो. अमका खेळाडू २७०० चा, तमकी मुलगी २४०० ची, असे आपण वर्तमानपत्रांत वाचतो. चतुरंग सेनेवरून निघालेल्या या खेळाने बळ मोजण्याची जी रीत स्वीकारली, ती प्रत्यक्ष सैन्ये बाळगणाऱ्या मोगलांच्या रीतीहून कशी निराळी आहे, हे पाहिले म्हणजे दोन्हींचे मर्म ध्यानात येते.

मनसब म्हणजे दर्जा दाखवणारा आकडा. अकबराच्या काळात रूढ झालेल्या या पद्धतीला पुढे दोन अंगे आली. 'जात' या आकड्यावरून सरदाराचा मान आणि वेतन ठरे, तर 'सवार' या आकड्यावरून त्याने किती घोडेस्वार बाळगायचे ते ठरे. घोड्यांना डाग देणे, स्वारांचे चेहरे नोंदवणे अशा तपासण्या होत्या, तरी कागद आणि तबेला यांत अंतर पडतच गेले. शाहजहानच्या काळी तर कागदावरच्या सवारांपैकी तिसरा, चौथा किंवा पाचवा हिस्साच प्रत्यक्ष ठेवला तरी चालेल, असे नियमानेच मान्य झाले. औरंगजेबाच्या दख्खन मोहिमांत प्रतिपक्षाचे सरदार आपल्याकडे वळवण्यासाठी मनसबी सढळ हाताने वाटल्या गेल्या, आणि त्या पोसायला जहागिरी पुरेनाशा झाल्या. आकडे वाढले, बळ त्या प्रमाणात वाढले नाही.

मनसबीची खरी मर्यादा मात्र याहून खोल होती. तो आकडा वरून येत असे. विजयाचे बक्षीस म्हणून तो वाढवला जाई हे खरे. पण किती वाढावा हे देणाऱ्याच्या मर्जीवर होते, आणि कोण कोणाशी जिंकला याचा त्यात नियमाने धरलेला हिशेब नव्हता. साखरखेर्ड्यानंतर अवघ्या साडेतीन वर्षांच्या आत, १७२८ च्या प्रारंभी, बाजीरावांनी पालखेडच्या मोहिमेत खुद्द निजामालाच कोंडीत पकडून तह करायला लावला. मनसब देणारा हरला आणि घेणारा जिंकला. या घटनेची नोंद मनसबीच्या आकड्यात कोठे करणार? तशी सोयच त्या पद्धतीत नव्हती.

बुद्धिबळातही बळ मोजण्याचे जुने उपाय ओबडधोबड होते. एकोणिसाव्या शतकातील युरोपात बलवान खेळाडू दुर्बल प्रतिस्पर्ध्याला एक प्यादे आणि पहिली खेळी, किंवा एखादा घोडा, अशी सूट देऊन खेळत. किती सूट दिली असता डाव बरोबरीचा होतो, यावरून दोघांतले अंतर कळे. ते अंतर त्या दोघांपुरते असे. शंभर जणांना एका ओळीत उभे करायचे तर निराळी युक्ती हवी होती. विसाव्या शतकाच्या मध्यास जर्मनीत आणि अमेरिकेत तसे प्रयत्न झाले. पण जगाने स्वीकारली ती आर्पाड एलो यांची पद्धत. एलो १९०३ मध्ये हंगेरीत जन्मले, बालपणीच अमेरिकेत गेले, मिलवॉकीच्या मार्केट विद्यापीठात त्यांनी पदार्थविज्ञान शिकवले. ते स्वतः विस्कॉन्सिन राज्याचे अनेकवारचे विजेते होते. अमेरिकेच्या बुद्धिबळ महासंघाने त्यांची पद्धत १९६० मध्ये आणि 'फिडे' या जागतिक महासंघाने १९७० मध्ये अंगीकारली.

एलोंची कल्पना साधी आहे. दोन खेळाडूंच्या आकड्यांतील फरकावरून कोणाकडून किती गुणांची अपेक्षा धरावी ते आधीच सांगता येते. फरक शून्य असेल तर दोघांची अपेक्षा निम्मी-निम्मी. फरक १०० चा असेल तर वरचढाने शंभर डावांत सुमारे ६४ गुण मिळवावेत; २०० चा असेल तर सुमारे ७६; ४०० चा असेल तर सुमारे ९१. प्रत्यक्ष निकाल अपेक्षेहून चांगला लागला की आकडा वाढतो, वाईट लागला की घटतो. समजा, १६०० च्या खेळाडूने १८०० च्या खेळाडूला हरवले. त्याच्याकडून अपेक्षा ०.२४ गुणाची होती, मिळाला १. फरक ०.७६. त्याला २० या गुणकाने गुणले की १५.२ गुण त्याच्या खात्यात जमा होतात, आणि प्रतिस्पर्ध्याचा गुणक तोच असेल तर तितकेच त्याच्या खात्यातून वजा होतात. तोच १६०० वाला हरला असता तर त्याचे केवळ ४.८ गुण गेले असते. बलवानाला दुर्बलाकडून मिळवण्यासारखे थोडे आणि गमावण्यासारखे फार, हा व्यवहारातला न्याय येथे गणितात उतरला आहे.

येथे मनसबीशी असलेला भेद स्पष्ट होतो. एलोंच्या आकड्याला दाता नाही. पालखेडसारखा निकाल लागला की दोन्ही खात्यांत त्याची नोंद आपोआप होते. स्वतः एलोंनी मात्र आपल्या मोजमापाविषयी फार मोठा दावा केला नाही. पाण्यावर हिंदकळणाऱ्या बुचाची जागा, वाऱ्यावर झुलणाऱ्या दोरीला बांधलेल्या काठीने मोजण्यासारखे हे काम आहे, अशा आशयाची उपमा त्यांनी दिली होती.

या आकड्याला देणारा नसला तरी त्याला वर्तुळ असते, ही गोष्ट सहसा विसरली जाते. १६०० हा आकडा स्वतंत्रपणे काहीच सांगत नाही. ज्यांच्याशी खेळलो, आणि ते ज्यांच्याशी खेळले, त्यांच्या मानाने आपण कोठे आहोत एवढेच तो सांगतो. एखादा गट इतरांपासून तुटून आपापसांतच खेळत राहिला, तर त्या गटातले आकडे बाहेरच्या आकड्यांशी जुळेनासे होतात. क्लॉड ब्लडगुड या अमेरिकन कैद्याचे उदाहरण प्रसिद्ध आहे. तुरुंगात सहकैद्यांशी असंख्य डाव खेळून १९९६ च्या सुमारास त्याचे अमेरिकी मानांकन २७०० च्या वर गेले, आणि कागदोपत्री तो त्या देशाच्या अग्रगण्य खेळाडूंच्या पंक्तीत जाऊन बसला. त्याने लबाडी केली की नाही हा वाद बाजूला ठेवला, तरी भिंतीआडच्या वर्तुळात आकडा कसा फुगतो हे त्यातून दिसते.

उलट प्रकारही घडतो, आणि तो अधिक क्लेशदायक आहे. १९८६ च्या अखेरीस फिडेने ठरवले, की क्रियाशील महिला खेळाडूंना सरसकट १०० गुण वाढवून द्यावेत. कारण असे सांगितले गेले, की स्त्रिया बहुतांशी स्त्रियांशीच खेळत असल्यामुळे त्यांचे आकडे पुरुषांच्या आकड्यांच्या मानाने खाली राहिले आहेत. या वाढीतून हंगेरीची सूझन पोल्गार तेवढी वगळण्यात आली, कारण ती प्रामुख्याने पुरुषांशी खेळत असे. परिणामी जानेवारी १९८७ च्या यादीत तिचे महिलांतील पहिले स्थान गेले. जिने वर्तुळ ओलांडण्याचे धाडस केले तिलाच त्याचा दंड भरावा लागला.

या प्रश्नाचे मूळ मुंबईच्या खाडिलकर भगिनींच्या कथेत दहा वर्षे आधीच दिसते. १९७४ मध्ये पहिली राष्ट्रीय महिला स्पर्धा झाली आणि वासंती खाडिलकर विजेत्या ठरल्या. त्यानंतर जयश्री आणि रोहिणी या भगिनींसह या घराण्याने जवळजवळ दशकभर ते विजेतेपद आपल्याकडे राखले. १९७६ मध्ये रोहिणी खाडिलकर राष्ट्रीय 'पुरुष' स्पर्धेत उतरल्या तेव्हा मोठे वादळ उठले. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि फिडेचे तत्कालीन अध्यक्ष माक्स ऑयवे यांना निर्णय द्यावा लागला, की स्त्रियांना राष्ट्रीय वा आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून वगळता येणार नाही. पुढे १९८१ मध्ये रोहिणी आशियाई महिला विजेत्या झाल्या.

या वादाकडे केवळ मानापमानाचा प्रश्न म्हणून पाहणे अपुरे होईल, असे आम्हांस वाटते. तो मोजमापाचाही प्रश्न होता. पटासमोर बसूच दिले नाही तर बळ मोजणार कसे? दार बंद ठेवायचे आणि मग आत आलेल्यांची यादी दाखवून बाहेरच्यांचे बळ कमी आहे असे म्हणायचे, हा न्याय नव्हे. सूत्रात स्त्री-पुरुष असा भेद कोठेही नाही. भेद आहे तो सूत्राला निकाल पुरवणाऱ्या स्पर्धांत. १०० गुणांची खिरापत हा त्यावरचा मनसबदारी उपाय होता. खरा उपाय रोहिणींनी १९७६ मध्येच केला होता. तो म्हणजे वर्तुळे एकमेकांत मिसळणे.

आपल्याकडील जुन्या खेळाडूंची गोष्टही अशीच आहे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत येथे देशी नियमांचे बुद्धिबळ सर्रास चाले. त्यात प्यादे पहिल्या खेळीला दोन घरे जात नसे, आणि शह मिळण्यापूर्वी राजाला एकदा घोड्याची चाल करता येई. या नियमांत वाकबगार असलेल्या कित्येकांचे बळ कोणत्याही जागतिक यादीत आले नाही. आंतरराष्ट्रीय नियमांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९५५ मध्ये आंध्रातील एलुरू येथे झाली, आणि तिचे विजेतेपद महाराष्ट्राचे रामचंद्र सप्रे आणि आंध्रचे डी. वेंकय्या यांना विभागून मिळाले. त्यानंतर महाराष्ट्राला पहिला ग्रँडमास्टर मिळायला प्रवीण ठिपसे यांच्या रूपाने १९९७ साल उजाडावे लागले.

मनसबींप्रमाणे मानांकनांचेही भाव बदलतात. एखादे मूल ११०० च्या आकड्याने यादीत येते, वर्षभरात त्याचे बळ १७०० चे होते, पण आकडा मागे रेंगाळतो. त्या अवधीत ते ज्यांना हरवते त्यांचे गुण जातात. जुन्या खेळाडूचे बळ तेवढेच असते, आकडा मात्र घसरतो. लहान खेळाडूंसाठी ४० चा गुणक ठेवण्यामागे हा आकडा लवकर खऱ्या जागी यावा असा हेतू आहे, तरी तळाकडची घसरण थांबली नाही. अखेर १ मार्च २०२४ रोजी फिडेने २००० च्या खालच्या सर्वांचे आकडे एकवार वर उचलले. २००० पेक्षा जितके कमी, त्याच्या चाळीस टक्के गुण वाढवून दिले. १००० चे १४०० झाले, १५०० चे १७००, १८०० चे १८८०. एका रात्रीत कोणाचा खेळ सुधारला नव्हता. फूटपट्टीवरच्या खुणा तेवढ्या सरकवल्या गेल्या. येथे आकडा पुन्हा वरून आला. मात्र त्याचा नियम सर्वांना सारखा आणि आधी जाहीर केलेला होता, आणि मनसबीहून तो वेगळा ठरतो तो एवढ्याने.

विदर्भाच्या भूमीवरचे सर्वांत ताजे उदाहरण नागपूरच्या दिव्या देशमुख यांचे. जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातील बाटुमी येथे झालेल्या महिला विश्वचषकात त्या मानांकनाने पंधराव्या होत्या. अंतिम फेरीत त्यांनी कोनेरू हंपी यांना हरवले. ग्रँडमास्टर किताबासाठी एरवी २५०० चे मानांकन आणि तीन निकष पूर्ण करावे लागतात. हे विजेतेपद मिळाल्याने त्या थेट भारताच्या ८८ व्या ग्रँडमास्टर झाल्या. आकड्याने चौदा जणींना त्यांच्या पुढे ठेवले होते. म्हणून आकडा खोटा ठरत नाही. त्याने शक्यता सांगितली होती, निकाल सांगितला नव्हता. आणि निकाल लागल्यावर तो आपला हिशेब दुरुस्त करतो.

मात्र ही दुरुस्ती ज्याचे खाते आहे त्याच्यासाठीच आहे. फिडेच्या यादीत नाव यायचे तर मानांकित प्रतिस्पर्ध्यांशी किमान पाच डाव खेळावे लागतात. असे प्रतिस्पर्धी स्पर्धेत भेटतात, आणि स्पर्धा बहुधा शहरात असते. साखरखेर्ड्यासारख्या गावातल्या मुलाला त्यासाठी प्रवासभाडे, प्रवेशशुल्क, मुक्कामाची सोय आणि सोबत येणारे मोठे माणूस इतके सारे जमवावे लागते. हे जमले नाही तर त्याच्या नावापुढे आकडा येत नाही. आकडा नसणे म्हणजे शून्य असणे नव्हे. त्याचा अर्थ इतकाच, की त्याला अजून कोणी मोजलेले नाही. मानांकनाची यादी हाती घेताना वरची नावे आपण वाचतोच. त्यांतील प्रत्येक जण कोणाशी खेळू शकला आणि कोणाला तेथवर पोचताच आले नाही, हेही विचारात घेतले, तर त्या आकड्यांचा अर्थ अधिक नेमका लागेल.