फाशांचा खेळ आणि प्रोफेसर बार्कर

शनिवारी रात्री इशाची नमाज झाली की आम्ही पाच मित्र एकाच्या माडीवर जमतो. मधे सतरंजी, चहाचा थर्मास, कागद, पेन्सिली आणि फासे. त्यातला एक फासा वीस बाजूंचा. आम्ही रोल-प्लेइंग गेम खेळतो. एकजण सूत्रधार होऊन प्रसंग सांगतो: नदीला पूर आलाय, पूल मोडलाय, पलीकडे शिपाई उभे आहेत. आपलं पात्र आता काय करणार, ते बाकीच्यांनी बोलायचं. शिपायाला थाप मारणार, लाच देणार की पाण्यात उडी घेणार? ते साधतं की फसतं, हे फासा ठरवतो. पैसा लावलेला नसतो. फाशांचं नाव काढलं की घरची वडीलधारी मंडळी नाक मुरडतात, पण तो वाद वेगळा.

आमच्यातला एकजण सुरुवातीला म्हणाला होता, "हा गोऱ्यांचा खेळ. राजवाडे त्यांचे, राक्षस त्यांचे. आपला काय संबंध?" मी मोठ्या ऐटीत उत्तर दिलं होतं, "अरे भाई, या खेळाच्या पहिल्या उस्तादांपैकी एक मुसलमान होता. उर्दूचा प्रोफेसर!" त्या उत्तराचीच ही गोष्ट.

या खेळाचं मूळ लुटुपुटीच्या लढायांत आहे. अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात काही तरुण टेबलावर शिशाचे सैनिक मांडून नेपोलियनच्या काळातली युद्धं खेळत. 1969च्या सुमारास डेव्हिड वेस्ली याने नवं काहीतरी केलं. सैन्याऐवजी प्रत्येकाला एका गावातल्या एकेका माणसाची भूमिका दिली. त्याच गटातल्या डेव्ह आर्नेसनने ही कल्पना जादू आणि भुयारांच्या जगात नेली. पुढे विस्कॉन्सिनच्या गॅरी गायगॅक्सबरोबर त्याने नियम बांधले आणि 1974 साली 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' बाजारात आला. एका खोक्यात तीन पुस्तिका. पहिल्या छपाईच्या प्रती होत्या फक्त 1000.

त्याच मिनेसोटाच्या विद्यापीठात तेव्हा मुहम्मद अब्दुल रहमान बार्कर शिकवत होते. जन्म 1929चा, मूळ नाव फिलिप. तरुणपणी फुलब्राइट शिष्यवृत्तीवर हिंदुस्थानात आले आणि इथेच त्यांनी इस्लाम स्वीकारला. अमेरिकेतल्या क्लॅमथ या आदिवासी भाषेचं व्याकरण आणि कोश त्यांनी तयार केले. उर्दू आणि बलुची शिकवणारी त्यांची पुस्तकं परदेशी विद्यार्थ्यांना वर्षानुवर्षं उपयोगी पडली. लहानपणापासून त्यांच्या डोक्यात टेकुमेल नावाचं एक जग होतं. त्याला त्यांनी इतिहास दिला, नकाशे दिले, व्याकरणासकट भाषा दिली. 1975 साली डंजन्स अँड ड्रॅगन्सच्याच कंपनीने त्यावरचा खेळ छापला, 'एम्पायर ऑफ द पेटल थ्रोन'. त्यात युरोपातले सरदार आणि किल्ले नव्हते. हिंदुस्थान, अरबस्तान, इजिप्त, जुनं मेक्सिको यांची छाया त्यावर होती. बार्कर दर आठवड्याला घरी विद्यार्थ्यांना, मित्रांना जमवून खेळवत. 2012 मध्ये ते वारले.

हे सगळं मला तोंडपाठ होतं. आपली माणसं बातम्यांत बहुधा नको त्या कारणांनी येतात. तेव्हा असा एखादा विद्वान सापडला की आपण त्याला मिरवतो. मीही मिरवला.

मार्च 2022 मध्ये टेकुमेलचा वारसा सांभाळणाऱ्या संस्थेने जाहीर कबुली दिली. 1991 मध्ये टोपणनावाने निघालेली 'सर्पंट्स वॉक' ही कादंबरी बार्कर यांचीच होती. हिटलरच्या एस.एस.चे वारसदार गुपचूप टिकून राहतात आणि एकविसाव्या शतकात अमेरिकेची सत्ता मिळवायला निघतात, अशी ती कथा. छापणारी संस्था अमेरिकन नव-नाझींची. शिवाय, ज्यूंचा संहार झालाच नाही असं सांगणाऱ्या एका नियतकालिकाच्या सल्लागार मंडळात बार्कर यांचं नाव अनेक वर्षं होतं.

वाचून मी गप्प झालो. नंतर वाटलं, माडीवर काही बोलायलाच नको. कोणाला कळणार? पण ज्या मित्राला मी ऐटीत सांगितलं होतं, त्याच्या समोर बसून दर शनिवारी फासे टाकायचे होते. शेवटी सांगितलं.

एकजण म्हणाला, "तो खरा मुसलमानच नसणार, सोडून दे." दुसरा म्हणाला, "कादंबरीच तर आहे." तिसरा म्हणाला, "इस्रायल काय करतंय ते बघ आधी." तिन्ही उत्तरं मला पटली नाहीत. काल आपला म्हणून मिरवायचा आणि आज परका ठरवायचा, ही सोयीची गोष्ट झाली. नाझींचा विजय रंगवणारं पुस्तक त्यांच्याच छापखान्यातून काढणं, ही नुसती कल्पनाशक्ती नव्हे. आणि पॅलेस्टिनींवरचा जुल्म खरा आहे म्हणून साठ लाख ज्यूंची कत्तल खोटी ठरत नाही. एका अख्ख्या जमातीला कीड म्हटलं की पुढे काय होतं, हे दंगलीत घर गमावलेल्या आपल्या माणसांना कोणी शिकवायला नको. सूरह निसामध्ये तर स्वतःच्या नि नातलगांच्या विरोधात गेली तरी न्यायाची साक्ष देण्याची आज्ञा आहे.

मग उर्दूची ती पुस्तकं फेकायची का? नाही. त्यांनी खरोखर केलं ते काम राहील. पण बार्कर यांचं नाव घेताना अर्धी गोष्ट सांगून थांबायचं नाही, एवढं मी ठरवलंय.

आणि खेळाचं म्हणाल, तर तो आपला ठरायला बार्कर यांची गरज कधीच नव्हती. आमच्या गोष्टीत गेल्या शनिवारी एक म्हातारी आली, पूर आलेल्या नदीतून माणसं पलीकडे नेणारी नाववाली. ती ज्याने उभी केली, तो तोच मित्र, 'आपला काय संबंध' विचारणारा. ती बोलत होती थेट त्याच्या आजीच्या बोलीत.