पांढुर्ण्याच्या दंत-दवाखान्यातलं काउंटर

पांढुर्णा-सौंसरचा आमचा पट्टा 1956 पर्यंत नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रदेशात होता. राजधानी भोपाळला गेली, तरी दातांसाठी माणसं नागपूरचीच गाडी धरत राहिली. तिथे 1968 साली शासकीय दंत महाविद्यालय निघालं.

1948 च्या दंतवैद्यक कायद्याने डॉक्टर, हायजिनिस्ट आणि मेकॅनिक यांची नोंदणी ठरवली. काउंटरवर बसणारीचं नाव त्यात नाही. म्हणून आमचं शिक्षण एकीकडून दुसरीकडे तोंडीच आलं. माझ्याआधी काउंटर सांभाळणाऱ्या मावशींनी माझ्याकडून आधी दातांचे आकडे घोकून घेतले: 36 म्हणजे खालच्या डाव्या बाजूची पहिली मोठी दाढ, 46 उजवीकडची. "लय ठणकून राह्यली, बाई," असं कोणी म्हणालं की आधी बसवायचं, सूज-ताप विचारायचा, शुगरच्या आणि रक्त पातळ करायच्या गोळ्या लिहून घ्यायच्या. रूट कॅनालची पुढची तारीख संत्र्याच्या तोडणीत द्यायची नाही, आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, गोटमारीच्या जत्रेला, तर नाहीच. तारीख चुकली आणि ठणका थांबला की माणूस परत फिरकत नाही आणि दाढ हातची जाते. ते मला फार लागतं.

2023 मध्ये पांढुर्णा जिल्हा झाला. मग काउंटरवरच्या या कामाचं रीतसर शिक्षण आता इथल्या मुलींना इथेच मिळायला हवं.